शाळेच्या पाट्या : नववीच्या कलावर्गाच्या प्रकल्प नोंदी

२० जून २०२४, गुरुवार

शाळा नुकतीच सुरू झाली आहे. नववी ‘ब’चा चित्रकलेचा तास गुरुवारी, ३५ मिनिटांचा, आठवड्यातून एकच. यंदा त्या तासाला एकच मोठं काम घ्यायचं ठरवलं आहे: शाळेच्या सगळ्या पाट्या मुलांनी नव्याने करायच्या. कार्यालय, ग्रंथालय, प्रयोगशाळा, वर्गखोल्या, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृहं, सगळ्या. मुख्याध्यापक सरांची परवानगी मिळाली. रंगाचा खर्च शाळा करणार, फळ्या आम्ही जमवायच्या.

यामागचं कारण लिहून ठेवते. शासकीय रेखाकला परीक्षेसाठी मी दरवर्षी मुलांची तयारी करून घेते, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्हींची. संकल्पचित्राचा पेपर मुलं मन लावून सोडवतात. दिलेल्या आकारात पानं-फुलं, भौमितिक आकार बसवतात, रंग सपाट भरतात, कडा स्वच्छ ठेवतात. ही शिस्त मला हवीच आहे. पण ही नक्षी कुठे लागणार, कोण बघणार, किती लांबून बघणार, हे प्रश्न त्या कागदावर कधी येत नाहीत, आणि संकल्पनाचं काम तर तिथूनच सुरू होतं. चौदा वर्षांच्या मुलांना हे प्रश्न चांगले झेपतात. त्यासाठी त्यांच्या हाती खरं काम द्यावं लागतं, ज्याचा वाचणारा माणूस त्यांच्यासमोर येऊन उभा राहील.

२७ जून

पाहणी. मुलांच्या जोड्या केल्या. शाळेचा नकाशा फळ्यावर काढून दिला: जुनी दगडी इमारत, मागची नवी इमारत, सभागृह. प्रत्येक जोडीने एका भागातल्या आहेत त्या पाट्या जशाच्या तशा उतरवून आणायच्या, आणि बाहेरून आलेला माणूस कुठे थबकतो तिथे नकाशावर फुली मारायची. फाटकावरच्या मामांना विचारून या असंही सांगितलं, कारण आमच्या शाळेची खरी पाटी म्हणजे मामाच आहेत. येणारा प्रत्येक जण त्यांनाच विचारतो.

मुलांनी आणलेलं पाहून वर्गात बराच वेळ बोलणं झालं. निम्म्या पाट्या म्हणजे प्लॅस्टिकच्या पाकिटातले छापील कागद, शाई उडालेले. ग्रंथालयाच्या फ्लेक्सवर देणगीदाराचं नाव ‘ग्रंथालय’ या शब्दापेक्षा मोठं. पाण्याच्या टाकीला पाटीच नाही. नव्या इमारतीत जिन्याच्या तोंडाशी सगळ्यांत जास्त फुल्या पडल्या. तिथे उजवीकडे जायचं की वर, हे कुणालाच कळत नाही.

एका मुलीने विचारलं, “बाई, आपल्याला तर सगळं माहीत आहे, मग आपण पाट्या वाचतो कशाला?” प्रश्न फार चांगला होता. वहीत पहिल्या पानावर लिहून घ्यायला सांगितला. आपण पाट्या स्वतःसाठी करत नाही आहोत. पहिल्यांदा आलेल्या आजीसाठी, जूनमध्ये पाचवीत आलेल्या पोरासाठी, परीक्षेला दुसऱ्या शाळेतून आलेल्या मुलीसाठी करतो आहोत.

४ जुलै

अक्षरकार कमल शेडगे यांना जाऊन आज चार वर्षं झाली. तासाची सुरुवात त्यांच्यापासून केली. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली त्यांची अक्षरं मोठ्या कागदावर चिकटवून नेली होती. मुलांनी नाटकं पाहिलेली नाहीत, तरी अक्षरांवरून नाटक विनोदी असेल की गंभीर, याचा अंदाज त्यांनी धडाधड सांगितला. का वाटलं, असं विचारल्यावर बोटं अक्षरांवर गेली: इथे वेलांटी लांबवली आहे, इथे काना तुटला आहे, इथे शिरोरेषाच नाही. इतकं बारीक बघता येत असेल, तर उरलेलं काम हाताचं आहे.

मग दुसरा प्रश्न दिला. प्रयोगशाळेच्या पाटीवर असं भावनेने भरलेलं अक्षर चालेल का? वर्गात दोन तट पडले. एका मुलाचं म्हणणं: नाटकाची जाहिरात माणूस थांबून बघतो, पाटी चालता चालता वाचतो. हे मी शिकवायच्या आधीच त्याच्याकडून आलं.

६ जुलै, शनिवार

सकाळची शाळा सुटल्यावर वाईतून पायी फेरी. पाऊस रिमझिम होता, छत्र्या घेऊन निघालो. गणपती आळी, मधली आळी, मग बाजारपेठ, शेवटी एस.टी. स्टँड. मराठी विश्वकोश ज्या गावात बसून घडवला गेला, त्या गावात अक्षरं बघायला मुलांना लांब न्यावं लागत नाही.

सांगितलेलं काम एवढंच: हाताने रंगवलेलं अक्षर दिसलं की थांबायचं, आवडलं तर वहीत उतरवायचं. जुन्या दुकानांच्या लाकडी पाट्या, घरांच्या चौकटींवरची नावं, दवाखान्याच्या भिंतीवरच्या वेळा. फ्लेक्सच्या गर्दीत त्या शोधाव्या लागल्या, पण सापडल्या. एका किराणा दुकानाच्या पाटीवर पेंटरने अक्षराच्या उजवीकडे आणि खाली बारीक सावली दिली होती. सावली सगळ्या अक्षरांना एकाच बाजूला का, म्हणजे उजेड कुठून येतो आहे असं त्याने धरलं असेल, हे मुलांनी तिथेच उभं राहून शोधलं. वस्तुचित्रात छायाप्रकाश शिकवायला मला बराच वेळ घालवावा लागतो.

स्टँडवर गाडीच्या काचेमागची गावाची पाटी वाचायचा खेळ लावला. गाडी फाटकातून आत वळली की सगळ्यांत आधी कोण ओळखतं? लांब नावापेक्षा आखूड नाव लवकर कळतं हे उघड होतं. पण अक्षरं दाटीने बसवलेली पाटी मोठी असूनही उशिरा कळते, हे त्यांना नवं होतं.

११ जुलै

अक्षराची रचना. रोमन अक्षर खालच्या रेघेवर उभं राहतं, आपलं अक्षर शिरोरेषेला लटकतं. म्हणून आखणी वरून सुरू करायची. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार यांना जागा लागते, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय येतात. छापखान्यातल्या इंग्रजी पाटीचं माप घेऊन त्यात मराठी कोंबली की मात्रा कापल्या जातात, ते यामुळेच.

मग अक्षरांच्या घरांची यादी केली. काना शेवटी असलेली: ग, प, म, ब, स. काना मधे असलेली: क, फ. पूर्ण काना नसलेली, शिरोरेषेपासून आखूड देठाने लोंबणारी: ट, ड, द, र, ह, ळ. एका घरातलं एक अक्षर नीट जमलं की बाकीची त्याच्या मापाने येतात. मुलांनी ‘प’ वरून ‘ष’, ‘व’ वरून ‘ब’ आणि ‘क’ अशी भराभर काढली. पेनाऐवजी बोरू दिले होते, वेताच्या काड्या तिरक्या कापून. देवनागरीसाठी बोरूचा काप रोमनच्या कापाच्या उलट दिशेला तिरका ठेवावा लागतो. काप चुकला की जाड-बारीकपणा भलतीकडे येतो, आणि अक्षर परकं दिसायला लागतं.

‘ल’ आणि ‘श’ वर आजचा निम्मा तास गेला, पण तो जायलाच हवा होता. आपल्या यादीतल्या कितीतरी पाट्यांत ही अक्षरं आहेत: ग्रंथालय, कार्यालय, शिक्षक कक्ष, प्रयोगशाळा, मुलींचे स्वच्छतागृह. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ठरवून दिले आहेत. फ्लेक्सवर मात्र संगणकात जो फाँट हाताशी असेल त्यातले, हिंदी वळणाचे ल आणि श येतात, आणि मुलं ते रोज बघतात. पाठ्यपुस्तकातला ‘ल’ आणि भिंतीवरचा ‘ल’ वेगळे आहेत हे वर्गातल्या बहुतेकांच्या आजवर लक्षातच आलं नव्हतं. आमच्या पाट्यांवर मराठी वळण राहील. हे मतदानाला टाकलं नाही, मी ठरवलं.

१८ जुलै

कालच आषाढी झाली. आभाळ भरलेलं, वऱ्हांड्यात दिवसाही अंधार. वाचनीयतेची परीक्षा घ्यायला याहून चांगला दिवस नाही.

कागदावर काळ्या शाईने काढलेल्या पाट्या वऱ्हांड्याच्या टोकाला चिकटवल्या. वाचणाऱ्याने दुसऱ्या टोकाकडून चालत यायचं, शब्द कळला की थांबायचं, जोडीदाराने जमिनीवर खडूने खूण करायची. शब्द आधीच माहीत असतील तर परीक्षा खोटी होते, म्हणून सुटी अक्षरंही लावली होती. लांबून जी गल्लत होते तिची यादी मुलांनीच केली: घ–ध, भ–म, थ–य, ब–व, प–ष. ‘ग्रंथालय’ मधे थ आणि य दोन्ही आहेत. ‘थ’ च्या डोक्यावरची गाठ बारीक काढली तर तो ‘य’ च दिसतो. ज्या जोडीने गाठ जरा उघडी आणि मोठी ठेवली होती, तिचा शब्द बऱ्याच लांबून वाचला गेला. सुंदर दिसण्यासाठी गाठ चिमटणारी जोडी मागे पडली. त्यांना वाईट वाटलं, पण खडूची खूण समोर होती, त्यावर कुणाला वाद घालता आला नाही. मी लाल शाईने वहीत लिहिलं असतं तर घातला असता.

१२ मीटरवरून सगळ्यांना, चष्मेवाल्यांनाही, आरामात वाचता यावं म्हणून मुख्य पाट्यांवर अक्षराची उंची शिरोरेषेपासून खाली १० सेंटिमीटर ठरवली. वर-खाली मात्रा-उकारांना निम्मी निम्मी जागा. म्हणजे फळी २० सेंटिमीटर उंचीची लागेल.

२५ जुलै

पावसाचा जोर. निम्मा वर्ग गैरहजर, बाहेरगावच्या गाड्या आल्या नाहीत. आलेल्यांकडून अक्षरांमधलं अंतर करून घेतलं. पट्टीने सारखं अंतर मोजून अक्षरं बसवली की शब्दाला भोकं पडलेली दिसतात. ‘र’ च्या पुढे पोकळी राहते, ‘गा’ मधे दोन काने एकमेकांना चिकटतात. दोन अक्षरांमधल्या फटीत पाणी ओतलं तर प्रत्येक फटीत सारखंच मावलं पाहिजे, असं सांगितलं. मग कागद उलटा धरून बघायचा, म्हणजे शब्द वाचला जात नाही आणि नुसत्या काळ्या-पांढऱ्या जागा दिसतात. ‘प्रयोगशाळा’ कात्रीने अक्षर-अक्षर कापून टेबलावर सरकवत बसलो. थोडी मुलं असली की हे काम फार छान होतं.

१ ऑगस्ट

रंग. मुलांचा बेत असा होता: दगडी इमारतीच्या पाट्यांना विटकरी पट्टी, नव्या इमारतीला हिरवी, सभागृहाला पिवळी. त्यांना हे मैलाच्या दगडांवरून सुचलं. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा आणि राज्य महामार्गाचा हिरवा असतो, हे एका मुलाने वडिलांच्या ट्रकमधून फिरताना पाहिलं होतं, आणि त्याने ते वर्गाला समजावून सांगितलं.

तास संपल्यावर एक मुलगा मागे थांबला. म्हणाला, “बाई, मला त्या दोन पट्ट्या सारख्याच दिसतात.” विटकरी आणि हिरवी. त्याच्या घरी ते माहीत आहे, वर्गात कुणाला नाही. वर्षानुवर्षं रंगपेटीतल्या नळ्यांवरची नावं वाचून तो चित्रं रंगवत आला आहे. मला त्याचा फार अभिमान वाटला, कारण हे सांगायला धीर लागतो, आणि पाट्या बिघडू नयेत म्हणून त्याने सांगितलं. त्याचं नाव मी वर्गात घेणार नाही, हे त्याला सांगितलं.

८ ऑगस्ट

विज्ञानाच्या सरांना दहा मिनिटं वर्गात बोलावलं. लाल-हिरवा भेद न कळणं मुलग्यांत जास्त का, हे त्यांनी एक्स गुणसूत्रावरून समजावलं. मुलींकडे एक्स दोन असतात, एकात दोष असला तरी दुसरं सांभाळून घेतं, मुलग्याकडे एकच. मग मी विचारलं: शाळेत अशी काही मुलं नक्की असणार, पाहुण्यांत तर असणारच, तर आपल्या पट्ट्यांचं काय करायचं?

वर्गाने दिलेलं उत्तर माझ्या डोक्यातल्या उत्तरापेक्षा चांगलं निघालं. रंग ठेवायचा, पण रंगावर एकट्यावर भिस्त ठेवायची नाही. प्रत्येक इमारतीला एक आकारही द्यायचा: दगडी इमारतीला चौकोन, नव्या इमारतीला त्रिकोण, सभागृहाला वर्तुळ. आणि विटकरी-हिरव्याच्या जागी पांढरा, पिवळा, आकाशी. सगळ्या पाट्यांची जमीन, म्हणजे अक्षरांमागचा रंग, गडद निळी, अक्षरं पांढरी. मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून प्रत्येक जोडी तपासली. उजळ-गडदपणात फरक नसलेले दोन रंग त्या फोटोत एकमेकांत विरघळून जातात. लाल जमिनीवर निळी अक्षरं हवीच म्हणणारी एक जोडी होती; फोटो बघून त्यांनी कागद स्वतःच उलटा केला.

मागच्या बाकावरचा तो मुलगा आज त्रिकोणाची मापं ठरवत होता.

२२ ऑगस्ट

चित्रखुणा. सगळ्यांनाच वाचता येतं असं नाही, आणि ज्यांना येतं त्या सगळ्यांना मराठीच येतं असंही नाही. शाळेत बाहेरच्या राज्यांतून कामाला आलेल्या कुटुंबांची मुलं आहेत, त्यांचे आईवडील शाळेत येतात. ऑलिंपिकसारख्या स्पर्धांत भाषांचा गोंधळ टाळायला चित्रखुणा वापरतात. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तर प्रत्येक खेळासाठी खुणांचा अख्खा संच केला होता. पण मुलांना मी त्याहून जवळचं उदाहरण दिलं, निवडणूक चिन्हांचं. १९५१–५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हतं, म्हणून चिन्हं आली. निवडणूक आयोगाचे ड्राफ्ट्समन एम. एस. सेठी यांनी अनेक चिन्हं पेन्सिलने काढली. छत्री, शिट्टी, नारळ, कपबशी, शिवणयंत्र. शेतात, स्वयंपाकघरात रोज दिसणाऱ्या वस्तू, एका रंगात छापल्या तरी ओळखू येतील अशा. मुलांनी मतपत्रिकेच्या जुन्या नमुन्यातली चिन्हं बघितली आणि त्यांची बाह्यरेषा किती विचार करून काढली आहे हे लगेच पकडलं. कपबशी बाजूने दाखवली आहे. वरून दाखवली असती तर नुसती दोन वर्तुळं दिसली असती.

पाण्यासाठी नळ, माठ, ग्लास असे तीन तट. पाचवीच्या वर्गात नेऊन विचारलं. माठाला काहींनी कुंडी म्हटलं. नळ सगळ्यांनी ओळखला, पण हात धुवायचा की पिण्याचा? शेवटी नळ आणि त्याखाली भरणारा ग्लास.

स्वच्छतागृहाच्या खुणेवर मुलींनी मला निरुत्तर केलं. सगळीकडे असतं तसं फ्रॉकचं चित्र त्यांना नको होतं. “आपल्या शाळेत कुणी असा फ्रॉक घालतं का?” त्यांनी दोन वेण्या काढल्या, खांद्यावर आलेल्या. पाचवीतल्या एकाही मुलाने चूक केली नाही.

२९ ऑगस्ट

एका पालकांनी विचारलं, याचे गुण मिळणार का. त्यांचा प्रश्न रास्त आहे. इंटरमिजिएटमध्ये ‘ए’ श्रेणी मिळाली तर दहावीला ७ गुण वाढतात, ‘बी’ ला ५, ‘सी’ ला ३. घरोघरी हा हिशेब पाठ आहे. पाट्यांचे असे गुण कुठे नाहीत. मी त्यांना त्यांच्या मुलीची वही दाखवली. तिने ‘कार्यालय’ चे सहा कच्चे आराखडे केले आहेत आणि प्रत्येकाखाली का सोडला ते लिहिलं आहे. रेषेचे समान भाग पाडायची कर्तव्यभूमितीतली (पट्टी-कंपासाने करायच्या रचनांतली) रीत तिने पाटीवर अक्षरं बसवायला वापरली आहे, कुणी न सांगता. परीक्षेत हाच प्रश्न आला तर ती तो विसरणार नाही, असं मी म्हणाले. ते वही बराच वेळ चाळत बसले.

सप्टेंबर

गणपती, गौरी, आणि रेखाकला परीक्षेची तयारी. पाट्यांचं काम थांबलं. एक गुरुवार दुसऱ्या विषयाच्या जादा तासाला गेला. कलेचा तास हा वेळापत्रकातला राखीव साठा आहे असं समजलं जातं, ते मला मान्य नाही, आणि ते मी बैठकीत बोलले. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षणाला मुख्य विषयांच्या रांगेत बसवलं आहे. ते वेळापत्रकात उतरेल तेव्हा खरं. पुढचे तास मिळतील असं आश्वासन मिळालं.

२६ सप्टेंबर

पेंटरकाका आले. गावातल्या कितीतरी पाट्या यांच्या हातच्या. जुलैच्या फेरीत मुलांनी उतरवून घेतलेली सावलीची पाटीही त्यांचीच निघाली. फ्लेक्स आल्यापासून पाट्यांचं काम गेलं, आता गाड्यांचे नंबर आणि देवळांचे फलक करतात.

त्यांनी आधी मुलांचे आराखडे एकेक करून पाहिले. बोलले फार कमी. ‘मुख्याध्यापक’ वर बोट ठेवून म्हणाले, “ख्या आणि ध्या, दोन्हीचा पाय सारखा घ्या, म्हणजे शब्द बसंल.” मुलांनी मापलं तेव्हा दोन मिलिमीटरचा फरक निघाला. तो त्यांना नुसत्या डोळ्यांनी दिसला होता.

मग दाखवलं: दोऱ्याला खडू चोळून तो ताणून धरायचा आणि चिमटीने सोडायचा, सरळ रेघ उठते. आराखड्याच्या कागदावर रेषेवरून टाचणीने भोकं पाडायची, कागद फळीवर ठेवून वरून खडूच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची, अक्षर ठिपक्यांनी फळीवर उतरतं. हाताखाली टेकू म्हणून काठी, टोकाला कापडाचा बोळा, म्हणजे ओला रंग पुसला जात नाही. चपटा ब्रश बोटांत फिरवत वळण घ्यायचं. शिरोरेषा शेवटी, एका दमात. वर्ग श्वास रोखून बघत होता. घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

सुतारकाकांकडून प्लायचे तुकडे मिळाले. काल आणि आज मापाने कापून, पॉलिशपेपरने घासून, कडांना आणि खड्ड्यांना लांबी (पुट्टी) भरून प्रायमरचा पहिला हात दिला. काका म्हणाले, कडा नीट बुजवा, पाणी तिथूनच शिरतं आणि मग प्लाय फुगतो. पावसाळ्यात हे काम घेतलं नाही ते बरं झालं. दमट हवेत ऑइल पेंट दिवसेंदिवस चिकट राहतो आणि त्यावर धूळ बसते. आता ऊन चांगलं आहे.

१० ऑक्टोबर

निळ्याचे दोन हात पूर्ण. ठिपके पाडून झाले. दसऱ्यानंतर अक्षरं.

१७ ऑक्टोबर

अक्षरं रंगवणं सुरू. एका पाटीला दोन मुलं: एक रंगवणारा, दुसरा लांब उभा राहून सांगणारा. रंगवणाऱ्याला जवळून जे दिसत नाही ते लांबच्याला दिसतं. कुणी अक्षर बिघडलं म्हणून रडलं नाही. टर्पेंटाइनचा बोळा हाताशी होता, पुसून पुन्हा.

चित्रकलेत ‘कच्चा’ समजला जाणारा एक मुलगा आहे, माणसाचं चित्र काढ म्हटलं की अंग चोरतो. त्याचा हात रेघेवर इतका स्थिर आहे की बाकीच्यांनी शिरोरेषा त्याच्याकडून ओढून घेतल्या. जवळजवळ सगळ्या पाट्यांच्या शिरोरेषा त्याच्या आहेत.

२४ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुटीआधी पाट्या लागल्या. उंची ठरवायला मुलांनी डोळ्यांची उंची मोजली होती: पाचवीतल्यांची जमिनीपासून सव्वाशे सेंटिमीटरच्या आसपास, मोठ्यांची दीडशेच्या वर. दारांशेजारच्या पाट्या मधोमध १४० वर, वऱ्हांड्यातल्या दारांच्या चौकटीवर. मामांनी सगळ्यांत आधी पाण्याची पाटी लावून घेतली.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

परवा, २० तारखेला विधानसभेचं मतदान झालं. आमची शाळा मतदान केंद्र होती. मी दुसऱ्या गावी केंद्रावर ड्यूटीला होते, त्यामुळे इथलं मला बघता आलं नाही. पण वर्गातली काही मुलं आजी-आजोबांना घेऊन आली होती, आणि त्यांनी आपणहून नोंदी केल्या. मी सांगितलं नव्हतं.

दिवसभर शाळेत अनोळखी माणसं, त्यांत म्हातारी, घाईतली, उन्हातून आलेली. पाट्यांची अशी कसोटी आम्हाला ठरवूनही घेता आली नसती. मुलांनी टिपलेलं असं: खोली क्रमांक लोकांना सापडले. त्रिकोण-चौकोन पोलिसांनीही वापरले, “त्रिकोणाच्या बाजूला जा” असं एका हवालदारांना सांगताना दोघांनी ऐकलं. पण वऱ्हांड्यातून चालत येणारी माणसं पाण्याच्या पाटीजवळून पुढे निघून जात होती आणि मग परत वळून विचारत होती. स्वच्छतागृहाचंही तसंच. समोरून बघितलं तर पाटी स्पष्ट वाचता येते. पण वऱ्हांड्यात माणूस भिंतीला समांतर चालतो, आणि भिंतीला चिकटवलेली पाटी त्याच्या नजरेला नुसती कड दाखवते.

हे एका मुलीने चित्र काढून दाखवलं: वरून पाहिलेला वऱ्हांडा, चालणारा माणूस, त्याच्या डोळ्यापासून निघणाऱ्या दोन रेषा, आणि त्या रेषांबाहेर पाटी. खाली लिहिलं होतं, “पाटी भिंतीतून बाहेर आली पाहिजे.”

५ डिसेंबर

तिच्या चित्रावरून पुठ्ठ्याचे नमुने केले. भिंतीला काटकोनात बाहेर येणारी, दोन्ही बाजूंनी वाचता येणारी पाटी. लांब शब्द तिथे मावत नाहीत, म्हणून चित्रखूण मोठी आणि खाली एकच शब्द: पाणी. मुली. मुलगे. उंच मुलाच्या डोक्याला लागू नये म्हणून खालची कड दोन मीटरच्या वर. पुठ्ठा लावून वऱ्हांड्याच्या दोन्ही टोकांकडून चालून पाहिलं, पुन्हा खडूच्या खुणा. यावेळी माणूस दाराशी पोचायच्या आधीच खूण पडते आहे.

१२ डिसेंबर

वेल्डरकडून लोखंडी कंस बनवून घ्यायचे आहेत, मापांचं रेखाचित्र शिरोरेषावाल्या मुलाने काढून दिलं आहे, समोरून, बाजूने आणि वरून. फेब्रुवारीत दहावीची परीक्षा सुरू होईल, इथे केंद्र असतं, बाहेरच्या शाळांची मुलं येतील. त्याआधी एवढं व्हायला हवं: कंसांना रेड ऑक्साइड, दोन्ही बाजूंच्या चित्रखुणा, जिन्याच्या तोंडाशी बाणाची पाटी. बाणाचं टोक किती रुंद ठेवायचं यावर अजून दोन मतं आहेत, ते पुढच्या गुरुवारी वऱ्हांड्यात लावून ठरवू. पाण्याची पाटी पहिली.